शिखरं आणि तळ शोधणारा कोड आखूड कसा करावा: पायथॉनमध्ये, पायरीपायरीने

पुण्यात पारा वर्षातून दोनदा चढतो. एप्रिलमध्ये तो वर्षातल्या सगळ्यात वरच्या जागी असतो, पावसाळ्यात खाली येतो, आणि पाऊस माघारी गेला की ऑक्टोबरात पुन्हा वर सरकतो. त्यालाच आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो. ऑक्टोबरचा उकाडा एप्रिलच्या जवळपासही जात नाही, तरी तो जाणवतो, कारण सप्टेंबर आणि नोव्हेंबर या दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा तो वर असतो. आकड्यांच्या यादीत अशा जागेला स्थानिक शिखर म्हणतात. दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा खाली असलेली जागा म्हणजे स्थानिक तळ.

यादीतली अशी शिखरं आणि तळ शोधणं हा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी फार चांगला सराव आहे. पहिल्यांदा लिहिलेला कोड बहुतेकांचा लांब होतो, मग तो आखूड करावासा वाटतो, आणि आखूड करताना त्याचा अर्थ हळूच बदलतो. या लेखात आपण एकच कोड टप्प्याटप्प्याने लहान करणार आहोत. प्रत्येक टप्प्यावर उत्तर तेच राहिलं का, हेही तपासणार आहोत.

आधी लिहिण्याच्या पद्धतीविषयी. पायथॉनचे शब्द (फॉर, इन, इफ, ऑर, कंटिन्यू, डेफ, रिटर्न) आणि त्याची तयार फंक्शनं (रेंज, लेन, लिस्ट, अपेंड, झिप, एन्युमरेट) मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहा. कोडमधले आकडेही इंग्रजी हवेत. व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी चालतात. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून ही सोय आहे. फक्त ‘दऱ्या’सारखं नाव टाळा. काही मराठी कीबोर्ड ‘ऱ्य’ लिहिताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात, आणि ते नावात आलं की पायथॉन चूक दाखवतो. स्क्रीनवर ते दिसत नसल्यामुळे नवख्या माणसाला चूक सापडत नाही. म्हणून मी इथे ‘तळ’ हे साधं नाव घेतलं आहे.

पायरी १: कोडला हात लावण्याआधी व्याख्या ठरवा

कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. यादीच्या पहिल्या आणि शेवटच्या आकड्याला एकच शेजारी असतो, तर ते शिखर धरायचे का? सलग दोन आकडे सारखे असले तर काय करायचं? शिखराची जागा हवी की किंमत? आणि शिखरं व तळ वेगवेगळ्या यादीत हवेत की एकत्र?

ही उत्तरं प्रत्येक कामात वेगळी असू शकतात, पण ती ठरलेली असली पाहिजेत. आपल्यापुरतं असं ठरवू: टोकाचे आकडे धरायचे नाहीत, उत्तरात जागा म्हणजे इंडेक्स हवा, आणि दोन याद्या वेगळ्या हव्यात. सारख्या आकड्यांच्या प्रश्नाकडे थोड्या वेळाने येऊ. लेखाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे.

सरावासाठी ही यादी घ्या. पुण्याच्या महिनावार सरासरी कमाल तापमानाच्या जवळ जाणारे हे ढोबळ आकडे आहेत, जानेवारी ते डिसेंबर, अंश सेल्सिअसमध्ये. खरा अभ्यास करायचा असेल तर दशांशासकट नेमके आकडे भारतीय हवामान विभागाकडून घ्यावेत.

```
पारा = [३०, ३२, ३६, ३८, ३७, ३२, २८, २८, ३०, ३२, ३१, २९]
```

इंडेक्स शून्यापासून सुरू होतो. म्हणजे जानेवारी ०, एप्रिल ३, जुलै ६, ऑक्टोबर ९, डिसेंबर ११.

पायरी २: लांब कोड आधी लिहा

पहिल्याच फटक्यात एका ओळीचा कोड लिहायचा हट्ट करू नका. मनात जसा विचार येतो तसा लिहा:

```
शिखरे = []
तळ = []
फॉर क्र इन रेंज(लेन(पारा)):
    इफ क्र == ०:
        कंटिन्यू
    इफ क्र == लेन(पारा) - १:
        कंटिन्यू
    इफ पारा[क्र] > पारा[क्र - १]:
        इफ पारा[क्र] > पारा[क्र + १]:
            शिखरे.अपेंड(क्र)
    इफ पारा[क्र] < पारा[क्र - १]:
        इफ पारा[क्र] < पारा[क्र + १]:
            तळ.अपेंड(क्र)
```

हा कोड कुरूप नाही. तो वाचता येतो, आणि प्रत्येक ओळ काय करते ते सांगता येतं. चालवल्यावर शिखरे येतात [३, ९], म्हणजे एप्रिल आणि ऑक्टोबर. तळ मात्र रिकामा येतो: [].

इथे थांबून विचार करा. एप्रिलला पारा वर होता, ऑक्टोबरला पुन्हा वर आला. मध्ये तो कुठेतरी खाली गेल्याशिवाय दुसरं शिखर येईलच कसं? दोन शिखरांच्या मध्ये एक तळ असतोच, आणि दोन तळांच्या मध्ये एक शिखर असतंच. ही गोष्ट लक्षात ठेवा. शिखर-तळ शोधणाऱ्या कोणत्याही कोडची याहून सोपी आणि याहून कडक परीक्षा मला माहीत नाही. आपला कोड त्या परीक्षेत नापास झाला आहे. जुलै आणि ऑगस्ट दोघेही २८ असल्यामुळे दोघांपैकी एकही दुसऱ्यापेक्षा खाली नाही, म्हणून तळ हातातून निसटला.

दुरुस्ती पुढे करू. आधी हाच कोड, याच चुकीसकट, लहान करू. आखूड करणं आणि दुरुस्त करणं ही दोन कामं कधीही एका वेळी करू नका. उत्तर बदललं तर ते कशामुळे बदललं हे मग कळत नाही.

पायरी ३: पुनरुक्ती काढा

दोन्ही टोकं गाळण्यासाठी लिहिलेल्या चार ओळी अनावश्यक आहेत. लूपच दुसऱ्या आकड्यापासून शेवटून दुसऱ्यापर्यंत फिरवा: रेंज(१, लेन(पारा) - १). रेंजमध्ये शेवटचा आकडा धरला जात नाही, त्यामुळे आपोआप शेवटून दुसऱ्यावर थांबतं.

ही सीमा काळजीपूर्वक लिहा. रेंज शून्यापासून सुरू केली तर क्र - १ म्हणजे -१ होतं, आणि पायथॉनमध्ये पारा[-१] ही चूक नसते. त्याचा अर्थ यादीतला शेवटचा आकडा. म्हणजे जानेवारीची तुलना गुपचूप डिसेंबरशी होते आणि कसलीही तक्रार येत नाही. दुसऱ्या टोकाला मात्र पारा[१२] मागितलं की लगेच इंडेक्स एरर येते. बरेच जण उजवीकडची एरर बघून तेवढीच दुरुस्त करतात, आणि डावीकडची चूक वर्षानुवर्षं कोडमध्ये राहते.

आता तुलना. पायथॉनमध्ये तुलना साखळीसारखी जोडता येते:

```
शिखरे = []
तळ = []
फॉर क्र इन रेंज(१, लेन(पारा) - १):
    डावा, मधला, उजवा = पारा[क्र - १ : क्र + २]
    इफ डावा < मधला > उजवा:
        शिखरे.अपेंड(क्र)
    इफ डावा > मधला < उजवा:
        तळ.अपेंड(क्र)
```

डावा < मधला > उजवा याचा अर्थ ‘डावा मधल्यापेक्षा लहान, आणि मधला उजव्यापेक्षा मोठा’. चिन्हांकडे नुसतं पाहिलं तरी डोंगराचा आकार कळतो. कोड आखूड होताना वाचायलाही सोपा झाला, आणि असंच व्हायला हवं. तुम्ही सी किंवा जावास्क्रिप्टही शिकत असाल तर तिथे ही साखळी वापरू नका. तिथे आधी पहिली तुलना होते, तिचं खरं-खोटं हे उत्तर १ किंवा ० म्हणून पुढच्या तुलनेत जातं, आणि कोड बिनतक्रार चालून चुकीचं उत्तर देतो. जावामध्ये निदान कंपाइल होताना तरी अडतं.

उत्तर तपासा: शिखरे [३, ९], तळ []. तेच आहे. पुढे जाऊ.

पायरी ४: इंडेक्सची बेरीज-वजाबाकी संपवा

क्र - १, क्र + २ ही आकडेमोड म्हणजे चुकांचं माहेरघर. ती पूर्ण टाळता येते. एकच यादी तीन वेळा घ्या: एकदा जशी आहे तशी, एकदा पहिला आकडा सोडून, एकदा पहिले दोन सोडून. या तीन याद्या एकाखाली एक लिहिल्या की प्रत्येक उभ्या रकान्यात डावा, मधला आणि उजवा आपोआप जुळून येतात. झिप हेच करतं:

```
फॉर डावा, मधला, उजवा इन झिप(पारा, पारा[१:], पारा[२:]):
```

वहीवर हे एकदा खरंच लिहून पाहा. पहिला रकाना ३०, ३२, ३६. दुसरा ३२, ३६, ३८. तिसरा ३६, ३८, ३७, आणि इथेच एप्रिलचं शिखर सापडतं. सगळ्यात लहान यादी संपली की झिप थांबतं, म्हणून टोकं आपोआप गळतात. यादीत एक किंवा दोनच आकडे असले, किंवा ती रिकामी असली, तरी एरर येत नाही, उत्तर रिकामं येतं. आपल्या व्याख्येप्रमाणे तेच बरोबर उत्तर आहे.

आपल्याला जागा हवी आहे, म्हणून प्रत्येक गोष्टीसोबत तिचा क्रमांक देणारं एन्युमरेट लावू. मधला आकडा यादीत दुसऱ्या जागेपासून सुरू होतो, त्यामुळे मोजणीही १ पासून:

```
तिघे = लिस्ट(झिप(पारा, पारा[१:], पारा[२:]))
शिखरे = [क्र फॉर क्र, (अ, ब, क) इन एन्युमरेट(तिघे, १) इफ अ < ब > क]
तळ = [क्र फॉर क्र, (अ, ब, क) इन एन्युमरेट(तिघे, १) इफ अ > ब < क]
```

याला लिस्ट कॉम्प्रिहेन्शन म्हणतात. चौकटी कंसात आधी काय हवं ते, मग कुठून घ्यायचं ते, शेवटी अट. (अ, ब, क) भोवतीचा कंस विसरू नका, नाहीतर पायथॉनला चार नावांत दोनच गोष्टी वाटायच्या आहेत असं वाटून एरर येईल. झिपला लिस्टमध्ये गुंडाळणंही गरजेचं आहे, कारण झिप एकदाच वापरता येतं. शिखरं शोधताना ते संपतं आणि तळांच्या ओळीला काहीच उरत नाही. इथेही एरर येत नाही, नुसती रिकामी यादी येते.

यादी मोठी असली की पारा[१:] आणि पारा[२:] तिच्या प्रती बनवतात आणि मेमरी लागते. हजारो आकड्यांपर्यंत याचा विचारही करू नका.

पायरी ५: इथे मोह आवरा

तेरा ओळींच्या तीन झाल्या. आता मन म्हणतं, एकच ओळ का नको? शिखर आणि तळ दोन्ही एकाच अटीत पकडता येतील का? येतात. दोन युक्त्या सगळीकडे पाहायला मिळतात, आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गुणाकाराची. (मधला - डावा) आणि (मधला - उजवा) यांचा गुणाकार धन आला तर मधला दोघांपेक्षा वर आहे किंवा दोघांपेक्षा खाली आहे. एका अटीत दोन्ही काम होतं. पारा या यादीवर उत्तर येतं [३, ९], म्हणजे आधीचंच, तळ नसलेलं. ही युक्ती प्रामाणिक आहे. तिची मर्यादा एवढीच की शिखर कोणतं आणि तळ कोणता हे नंतर वेगळं शोधावं लागतं.

दुसरी युक्ती दिसायला फार सुरेख आहे:

```
(अ < ब) != (ब < क)
```

चढत होता आणि आता चढत नाही, किंवा चढत नव्हता आणि आता चढतो आहे, म्हणजेच दिशा बदलली. पारा या यादीवर ही अट [३, ७, ९] देते. ऑगस्टचा तळ सापडला! कोड आखूडही झाला आणि हरवलेला तळही मिळाला. इथे खूप जण समाधानाने थांबतात.

आता हीच अट [३०, ३२, ३२, ३६] या यादीवर चालवा. इथे पारा चढतोच आहे, मध्ये एक महिना जागच्या जागी थांबला एवढंच. शिखर नाही, तळही नाही. पण अट पहिल्या ३२ वर म्हणते दिशा बदलली, कारण ३० < ३२ खरं आहे आणि ३२ < ३२ खोटं. दुसऱ्या ३२ वर पुन्हा म्हणते दिशा बदलली. उत्तर [१, २]. नसलेलं एक शिखर आणि नसलेला एक तळ! आपली ‘शिखरानंतर तळ’ ही परीक्षाही इथे फसते, कारण चुका जोडीने आल्या आहेत.

असं का झालं? ‘चढत नाही’ यात दोन गोष्टी येतात: उतरतो आहे, आणि सपाट आहे. अट आखूड करताना त्या एकत्र मिसळल्या. पहिल्या लांब कोडमध्ये त्या वेगळ्या होत्या. म्हणून अक्षरं वाचवण्यासाठी तुलनेचं चिन्ह बदलायचं असेल तर आधी सपाट जागेवर काय होतं ते पाहा.

पायरी ६: पठाराचा प्रश्न सोडवा

सलग सारख्या आकड्यांच्या पट्ट्याला पठार म्हणू. पठार तीन प्रकारचं असतं. दोन्ही बाजूंना उतार असेल तर ते रुंद शिखर. दोन्ही बाजूंना चढ असेल तर रुंद तळ, जसा आपला जुलै-ऑगस्ट. एका बाजूला चढ आणि दुसरीकडे उतार असेल तर ती नुसती पायरी, ना शिखर ना तळ.

‘> ऐवजी >= लिहा’ हा सल्ला नवशिक्यांना हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. >= लिहिल्यावर रुंद शिखर दोनदा मोजलं जातं, आणि पठार तीन महिन्यांचं असेल तर त्याचा मधला महिना शिखरही ठरतो आणि तळही.

योग्य उपाय असा: प्रत्येक पठाराचा पहिला आकडा ठेवा, बाकीचे गाळा, आणि मग साधी तीन आकड्यांची तुलना करा. पठारं गेली की शेजारी कधीच सारखे नसतात, आणि सगळे अवघड प्रश्न एकदम संपतात.

```
डेफ शिखर_शोध(यादी):
    वेगळे = [क्र फॉर क्र, म इन एन्युमरेट(यादी)
             इफ क्र == ० ऑर म != यादी[क्र - १]]
    रिटर्न [ब फॉर अ, ब, क इन झिप(वेगळे, वेगळे[१:], वेगळे[२:])
            इफ यादी[अ] < यादी[ब] > यादी[क]]
```

‘वेगळे’ या यादीत किमती नाहीत, जागा आहेत: जिथे आकडा आधीच्यापेक्षा वेगळा आहे अशा जागा. पारा साठी ती होते ०, १, २, ३, ४, ५, ६, ८, ९, १०, ११. ऑगस्टचा ७ गळला. आता जुलैचा उजवा शेजारी सप्टेंबर झाला. क्र == ० ही अट आधी लिहिली आहे हेही पाहा. ती खरी ठरली की पायथॉन ‘ऑर’च्या पुढचं तपासतच नाही, त्यामुळे यादी[-१] चा प्रश्न येत नाही.

तळासाठी हेच फंक्शन पुन्हा लिहायची गरज नाही. सगळ्या आकड्यांची चिन्हं उलटी केली की तळाचं शिखर होतं:

```
शिखरे = शिखर_शोध(पारा)
तळ = शिखर_शोध([-म फॉर म इन पारा])
```

शिखरे [३, ९], तळ [६]. एप्रिल, मग जुलै, मग ऑक्टोबर. शिखर, तळ, शिखर. परीक्षेत पास. [३०, ३२, ३२, ३६] वर दोन्ही याद्या रिकाम्या येतात, तेही बरोबर. ओळी वाढल्या असतील, पण तुलना आता एकाच ठिकाणी लिहिलेली आहे. उद्या व्याख्या बदलली तर एकच जागा बदलावी लागेल. आखूड कोडचं माप मी ओळींत करत नाही, एकच विचार किती ठिकाणी लिहिला आहे यात करतो.

चिन्ह उलटं करण्यात एक खाच आहे. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या ‘अनसाइन्ड’ प्रकारच्या ॲरेत (आकड्यांच्या यादीत), उदाहरणार्थ फोटोतल्या पिक्सेलच्या ० ते २५५ किमतींत, ऋण आकडा मावत नाही. तिथे -१ चं २५५ होतं, -२ चं २५४, आणि शून्य मात्र शून्यच राहतं. शून्य किमतीचा, म्हणजे सगळ्यात खोल, तळ अशा वेळी सापडतच नाही. आधी साध्या पूर्णांकात बदलून घ्या. गुणाकाराच्या युक्तीतली वजाबाकीही इथे अशीच फसते.

पायरी ७: वर्ष गोल असेल तर

डिसेंबरचा २९ हा नोव्हेंबरच्या ३१ पेक्षा आणि जानेवारीच्या ३० पेक्षा खाली आहे. वर्षाचं चक्र धरलं तर तोही तळ. सरासरी महिन्यांची यादी गोल असते, एका वर्षाची रोजची नोंद गोल नसते. हा फरक कोडला कळत नाही, तुम्हाला सांगावा लागतो. यादी तीनदा एकापुढे एक जोडा आणि मधल्या प्रतीतली उत्तरं घ्या:

```
तळ = [क्र - १२ फॉर क्र इन शिखर_शोध([-म फॉर म इन पारा] * ३)
      इफ १२ <= क्र < २४]
```

आता उत्तर [६, ११]: जुलै आणि डिसेंबर. शिखरांसाठी हेच केलं तरी [३, ९] च येतं. दोन शिखरं, दोन तळ. गोल यादीत त्यांची संख्या नेहमी सारखीच असते, म्हणजे तपासणीसाठी आणखी एक हत्यार मिळालं.

पायरी ८: खऱ्या नोंदींवर चालवण्याआधी

सरासरी आकडे गुळगुळीत असतात. रोजच्या नोंदी तशा नसतात. एक हिशोब करून पाहा: तीन आकडे अगदी यादृच्छिक असतील तर त्यातला मधला सर्वांत मोठा असण्याची शक्यता एक तृतीयांश, कारण तिघांपैकी कोणीही मोठा असू शकतो. ३६५ दिवसांच्या अशा यादीत आतल्या ३६३ जागा असतात, म्हणजे सरासरी १२१ शिखरं आणि तितकेच तळ. त्यांना काहीच अर्थ नसतो. तापमान इतकं यादृच्छिक नसतं, तरी रोजच्या नोंदींवर आपलं फंक्शन डझनावारी शिखरं दाखवेल, आणि व्याख्येप्रमाणे ती सगळी खरी असतील.

अशा वेळी प्रश्न बदलतो: कोणतं शिखर मोजण्याइतकं उंच उठलं आहे? त्यासाठी ‘प्रॉमिनन्स’ हे माप आहे, आपण त्याला उठाव म्हणू. शिखरावरून डावीकडे निघा आणि त्याहून उंच जागा किंवा यादीचं टोक येईपर्यंत जा. वाटेतली सगळ्यात खालची किंमत लिहा. उजवीकडेही तसंच. त्या दोन किमतींपैकी जी मोठी, ती शिखरातून वजा करा. ऑक्टोबरसाठी डावीकडे एप्रिल-मेच्या चढापर्यंत सर्वांत खाली २८, उजवीकडे टोकापर्यंत २९. ३२ वजा २९, उठाव ३. एप्रिलसाठी डावीकडे ३०, उजवीकडे २८, म्हणून ३८ वजा ३०, उठाव ८. किमान उठाव ५ ठेवला तर फक्त एप्रिल उरतो, आणि ऑक्टोबर हीट गाळली जाते. किती ठेवायचा हे कोड सांगत नाही. तुम्हाला काय शोधायचं आहे त्यावर ते ठरतं.

हे सगळं हाताने लिहायची गरज नाही. सायपाय या लायब्ररीच्या सिग्नल विभागात फाइंड_पीक्स नावाचं फंक्शन आहे, १.१.० या आवृत्तीपासून. पठारं, किमान उंची, दोन शिखरांमधलं किमान अंतर, उठाव, सगळं ते हाताळतं. टोकं ते धरत नाही, आणि तळासाठी चिन्हं आपल्यालाच उलटी करावी लागतात. पठाराची मात्र ते मधली जागा देतं, आपलं फंक्शन पहिली देतं. जुलै-ऑगस्टच्या दोन महिन्यांच्या पठारावर मधली जागा खाली धरली जाते, म्हणून दोघांचंही उत्तर ६. तीन महिन्यांच्या पठारावर उत्तरं वेगळी येतील, तेव्हा घाबरू नका. त्याच विभागात आर्गरेलएक्स्ट्रीमा हे जुनं फंक्शनही आहे. त्याला नुसतं ‘मोठा’ अशी तुलना दिली तर ते आपल्या पहिल्या कोडसारखंच पठारावर फसतं.

मग स्वतः कशाला लिहायचं? कारण फाइंड_पीक्सने दिलेलं उत्तर पटलं नाही तर का पटलं नाही हे सांगता यायला हवं, आणि ते लांब कोडपासून इथपर्यंत चालत आलेल्यालाच सांगता येतं. शिवाय मुलाखतीत हा प्रश्न येतो, तेव्हा लायब्ररी वापरू देत नाहीत. तिथे बहुतेकदा ‘कोणतंही एक शिखर शोधा’ असं विचारतात आणि टोकंही शिखर धरतात. तो प्रश्न वेगळा आहे. सारखे शेजारी नसतील तर यादी मधोमध कापून चढाच्या बाजूला सरकत गेलं की थोड्याच पावलांत शिखर मिळतं, सगळी यादी पाहावी लागत नाही.

गहाळ नोंदींचं एक बाकी आहे. एखाद्या दिवशी तापमानाची नोंदच झाली नसेल तर पांडाज ही तक्ते हाताळणारी लायब्ररी तिथे ‘नॅन’ (‘इथे आकडा नाही’ अशी खूण) ठेवते. नॅनशी केलेली लहान-मोठी कोणतीही तुलना खोटी ठरते. त्यामुळे नॅनच्या दोन्ही बाजूंचे दिवस कधीच शिखर किंवा तळ ठरत नाहीत, आणि एररही येत नाही. नोंद आधी गाळायची की शेजाऱ्यांवरून भरायची, हे ठरवून मगच फंक्शन चालवा.

शेवटी कोडसोबत या छोट्या याद्या एका फाइलमध्ये ठेवा आणि काहीही बदललं की सगळ्या चालवा: रिकामी यादी, [५], [५, ५, ५], [१, २, ३], [१, ३, १], [३, १, ३], [१, ३, ३, १], [३, १, १, १, ३], [१, २, २, ३], [३, ३, १]. यात [१, ३, १] आणि [१, ३, ३, १] मध्ये जागा १ वर शिखर हवं, [३, १, ३] आणि [३, १, १, १, ३] मध्ये जागा १ वर तळ हवा, आणि बाकी सगळीकडे दोन्ही उत्तरं रिकामी हवीत. शेवटच्या यादीतलं पठार टोकाला टेकलेलं आहे. आपण टोकं धरत नाही असं ठरवलं होतं, म्हणून तेही शिखर नाही.